नजर आणि अवधान : एका भेदाचा इतिहास

डोळ्यांसमोरची वस्तू पाहणाऱ्यास दिसलीच पाहिजे, हे गृहीत इतके स्वाभाविक वाटते की त्याची परीक्षा करण्याची गरज शास्त्रज्ञांनाही दीर्घकाळ भासली नाही. या गृहीतापायी एका वेधकाला आपली नोकरी गमवावी लागली. ग्रिनिच वेधशाळेचे प्रमुख नेव्हिल मॅस्केलिन यांनी १७९६ साली डेव्हिड किनेब्रुक या साहाय्यकास कामावरून दूर केले. दुर्बिणीतील तंतू ओलांडण्याची ताऱ्याची जी वेळ तो नोंदवी, ती मॅस्केलिन यांच्या नोंदीहून सुमारे ०.८ सेकंदाने मागे पडे. हा त्याचा सदोष अभ्यास होय, असा निर्णय झाला.

त्या काळच्या वेधपद्धतीत घड्याळाचे ठोके कानांनी मोजीत असतानाच डोळ्यांनी ताऱ्याचे स्थान टिपावे लागे. पुढे क्यॉनिग्सबर्ग येथील ज्योतिर्विद बेसेल यांनी ताडून पाहिले, तेव्हा निष्णात वेधकांच्या नोंदींतही असाच फरक आढळला. तेव्हा हा दोष एकट्या किनेब्रुकचा नव्हता. ठोका आणि दृश्य यांपैकी अवधान आधी कशाकडे वळते, यावरही नोंद अवलंबून असावी, असा विचार एकोणिसाव्या शतकातील मानसशास्त्रज्ञांनी पुढे मांडला.

तथापि अवधान म्हणजे केवळ डोळ्यांची हालचाल नव्हे काय, ही शंका उरतेच. तिचे निरसन हेल्महोल्ट्झ (१८२१–१८९४) यांच्या एका साध्या प्रयोगाने केले. अंधारात अक्षरे छापलेला कागद ठेवून त्यांनी नजर एका प्रकाशबिंदूवर स्थिर केली आणि विजेच्या ठिणगीने तो कागद क्षणभर उजळला. त्या अवधीत डोळा हलणे अशक्य. तरीही कागदाच्या ज्या भागाकडे अवधान देण्याचे त्यांनी आधी ठरविले असे, तेथीलच अक्षरे त्यांस ओळखता येत. यावरून नजर आणि अवधान यांची दिशा भिन्न असू शकते, हे सिद्ध झाले.

याचा मेंदूतील एक पुरावा १९८५ साली हाती आला. अमेरिकेत मोरान आणि डेसिमोन यांनी माकडांची नजर स्थिर ठेवून, दृष्टीशी संबंधित अशा एकाच मज्जापेशीच्या कक्षेत दोन आकृती दाखविल्या. दृश्य तेच असूनही, अवधान नसलेल्या आकृतीस मिळणारा त्या पेशीचा प्रतिसाद लक्षणीय मंदावला. पुढे १९९९ साली सायमन्स आणि शॅब्री यांच्या प्रयोगात, चेंडूफेकीची संख्या मोजण्यात गुंतलेल्या प्रेक्षकांपैकी सुमारे निम्म्यांना मधून चालत गेलेला गोरिलाचा वेषधारी दिसलाच नाही.

मराठी व्यवहारभाषेने हा भेद फार पूर्वीच जपला आहे. ‘नजर होती, पण लक्ष नव्हते’ असे आपण सहज म्हणतो. परंतु साक्षीदाराची जबानी किंवा वेधकाची नोंद तपासताना हाच भेद आपण विसरतो. ‘तो तेथे पाहत होता’ एवढ्यावरून ‘त्याला ते दिसले’ हे सिद्ध होत नाही. ऐतिहासिक साधनांचे मूल्यमापन करणाऱ्याने म्हणूनच साक्षीदार कोठे उभा होता याबरोबरच त्याचे अवधान कोठे गुंतले होते, हेही विचारले पाहिजे.