शिकागो बँडचे आरंभीचे संगीत : रॉकमध्ये सुषिरवाद्यांना मिळालेला बरोबरीचा मान

‘शिकागो’ हा अमेरिकी बँड आज बहुसंख्य श्रोत्यांना संथ लयीतील प्रेमगीतांमुळे परिचित आहे. १९७६ मधील ‘इफ यू लीव्ह मी नाऊ’ आणि १९८२ मधील ‘हार्ड टू से आय अ‍ॅम सॉरी’ या गीतांनी अमेरिकेच्या लोकप्रियता यादीत पहिले स्थान मिळवले. या यशाच्या झोतात बँडचे आरंभीचे कार्य काहीसे झाकोळले गेले. १९६९ ते १९७२ या काळात या सात कलावंतांनी ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन यांना रॉक संगीतात गायक आणि गिटार यांच्या बरोबरीचे स्थान दिले. जॅझ-रॉक या प्रकाराची जडणघडण समजून घेण्यासाठी त्या काळातील त्यांच्या तबकड्या आजही महत्त्वाच्या मानल्या जातात.

स्थापना आणि नाव

बँडची स्थापना फेब्रुवारी १९६७ मध्ये शिकागो शहरात झाली. सॅक्सोफोन व बासरी वाजवणारे वॉल्टर पॅराझेडर, ट्रम्पेटवादक ली लॉकनेन आणि ट्रॉम्बोनवादक जेम्स पँको यांचे संगीतशिक्षण त्याच शहरातील डीपॉल विद्यापीठात झाले होते. गिटारवादक टेरी कॅथ, ड्रमवादक डॅनी सेराफिन आणि कळवाद्ये सांभाळणारे रॉबर्ट लॅम हे त्यांचे सहकारी होते. बास गिटारवादक व गायक पीटर सेटेरा त्याच वर्षाच्या अखेरीस सामील झाले. सुषिरवाद्यांना केंद्रस्थानी ठेवणारा रॉक बँड काढण्याची प्रेरणा पॅराझेडर यांना बीटल्सच्या ‘गॉट टू गेट यू इनटू माय लाइफ’ या १९६६ मधील गीतातून मिळाली होती.

बँडचे पहिले नाव ‘द बिग थिंग’ होते. १९६८ मध्ये निर्माते जेम्स विल्यम गेर्सिओ यांच्या पुढाकाराने ही मंडळी लॉस एंजेलिसला गेली आणि ‘शिकागो ट्रान्झिट ऑथॉरिटी’ हे नाव धारण केले. ते शहराच्या बस व रेल्वे सेवा चालवणाऱ्या प्राधिकरणाचे नाव असल्याने कायदेशीर कारवाईचा इशारा मिळाला आणि बँडने केवळ ‘शिकागो’ एवढेच नाव कायम ठेवले.

पहिली तबकडी

‘शिकागो ट्रान्झिट ऑथॉरिटी’ हा पहिला अल्बम एप्रिल १९६९ मध्ये कोलंबिया रेकॉर्ड्सने प्रसिद्ध केला. नवख्या बँडचा पहिलाच अल्बम दोन तबकड्यांचा असणे त्या काळी असाधारण होते. त्यासाठी कलावंतांनी आपल्या मानधनातील कपात मान्य केली. दीर्घ रचनांना पुरेशी जागा मिळावी, हा त्यामागचा उद्देश होता.

अल्बमचा आरंभ करणारे कॅथ यांचे ‘इंट्रोडक्शन’ हे गीत बँडचे संपूर्ण परिचयपत्रच आहे. साडेसहा मिनिटांच्या या रचनेत ताल वारंवार बदलतो. गायनानंतर ट्रॉम्बोन, ट्रम्पेट आणि गिटार यांना स्वतंत्र विस्ताराची संधी मिळते. याच संग्रहातील ‘फ्री फॉर्म गिटार’ हा जवळपास सात मिनिटांचा एकट्या गिटारचा, प्रवर्धकातून उठणाऱ्या कर्कश नादाशी केलेला प्रयोग आहे. शेवटची ‘लिबरेशन’ ही रचना चौदा मिनिटांहून अधिक काळ चालते.

राजकीय अस्वस्थतेचे पडसादही या तबकडीत उमटले आहेत. ऑगस्ट १९६८ मध्ये शिकागोत डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन भरले असता व्हिएतनाम युद्धविरोधी निदर्शक आणि पोलीस यांच्यात तीव्र संघर्ष झाला. निदर्शकांच्या त्या वेळच्या घोषणांचे ध्वनिमुद्रण ‘प्रोलॉग’ या भागात समाविष्ट असून त्याला जोडूनच ‘समडे’ हे गीत येते. पुढील अल्बममधील ‘इट बेटर एंड सून’ ही दीर्घ रचना युद्धविरोधाचाच सूर पुढे नेते.

वाद्यरचनेचे वेगळेपण

ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन रॉक किंवा सोल संगीताला नवे नव्हते. मात्र गायकाची ओळ संपताच एखादा ठसकेबाज तुकडा वाजवणे किंवा गीताच्या उत्कर्षबिंदूला भरीवपणा आणणे, एवढेच काम बहुधा त्यांच्याकडे असे. शिकागोच्या रचनांमध्ये, विशेषतः पँको यांच्या वाद्ययोजनेमध्ये, ही तीन वाद्ये मिळून जणू आणखी एक गायक उभा करतात. ती मुख्य धून मांडतात, गायकाला प्रतिसाद देतात आणि प्रसंगी त्याच्याशी वाद घालतात.

वादकांची संख्या तीनच असल्याने प्रत्येक वाद्याची ओळ स्वतंत्रपणे ऐकू येते. वर ट्रम्पेटचा तेजस्वी स्वर, मध्ये सॅक्सोफोनचा मऊपणा आणि खाली ट्रॉम्बोनचा भारदस्त नाद, अशी ही मांडणी साधारणपणे असते. कॅथ यांचा खोल व रांगडा, लॅम यांचा संयत आणि सेटेरा यांचा उंच पट्टीतील असे तीन भिन्न प्रकृतींचे आवाज बँडकडे होते. त्यामुळे गीतागणिक सुषिरवाद्यांचा रंगही बदलता येत असे.

जॅझ आणि रॉक यांचा मेळ घालणारा हा एकमेव बँड नव्हता. न्यूयॉर्कमधील ‘ब्लड, स्वेट अँड टिअर्स’ हा त्याचा समकालीन. त्याच्या गाजलेल्या दुसऱ्या अल्बमची निर्मितीही गेर्सिओ यांनीच केली होती. शिकागोच्या संगीतात मात्र कॅथ यांच्या आक्रमक गिटारमुळे रॉकचा कणा अधिक ठळक राहिला. जिमी हेंड्रिक्स यांच्या कार्यक्रमांत आरंभी वादन करण्याची संधी या बँडला मिळाली होती.

लघुरूपांची किंमत

पहिल्या अल्बममधील गीतांना प्रारंभी मोठे यश मिळाले नाही. दीर्घ रचनांना लोकप्रिय नभोवाणी केंद्रांवर जागा मिळणे कठीण होते. जानेवारी १९७० मध्ये आलेल्या दुसऱ्या अल्बममध्ये पँको यांची ‘बॅले फॉर अ गर्ल इन बकॅनन’ ही सात भागांची, सुमारे तेरा मिनिटांची रचना होती. तिच्यातील भाग कापून व जोडून ‘मेक मी स्माइल’ हे छोटे गीत स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले आणि ते नवव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. त्यापाठोपाठ लॅम यांच्या ‘ट्वेंटी फाइव्ह ऑर सिक्स टू फोर’ने चौथा क्रमांक गाठला. पहाटे चारला पंचवीस किंवा सव्वीस मिनिटे कमी असताना गीत लिहू पाहणाऱ्या कवीची अवस्था त्यात आहे.

या यशानंतर पहिल्या अल्बममधील गीतेही संक्षिप्त रूपात पुन्हा बाजारात आली. ‘डझ एनिबडी रिअली नो व्हॉट टाइम इट इज?’ सातव्या क्रमांकावर गेले. पण त्याच्या आरंभीचा लॅम यांचा मुक्त पियानो वगळण्यात आला होता. सुमारे आठ मिनिटांच्या ‘बिगिनिंग्ज’लाही कात्री लागली. कीर्ती मिळवून देणाऱ्या या लघुरूपांनीच बँडच्या संगीताचा मूळ घाट श्रोत्यांपासून दूर ठेवला. ‘मेक मी स्माइल’ आणि ‘कलर माय वर्ल्ड’ ही गीते एकाच दीर्घ रचनेची अंगे आहेत, हे ती सुटी ऐकताना लक्षात येत नाही. पहिले ऊर्जेने भारलेले, तर दुसरे पियानो, कॅथ यांचा खालच्या पट्टीतील स्वर आणि पॅराझेडर यांची बासरी यांवर तोललेले. हा विरोध क्रमाने ऐकल्यावरच अर्थपूर्ण ठरतो.

नंतरची वाट

एप्रिल १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये झालेल्या कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण पुढे चार तबकड्यांच्या संचात प्रसिद्ध झाले. १९७२ चा ‘शिकागो ५’ हा बँडचा एकाच तबकडीचा पहिला स्टुडिओ अल्बम; तोच अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचलेला त्यांचा पहिला अल्बमही ठरला. जॅझचा प्रभाव १९७४ च्या ‘शिकागो ७’ मध्ये पुन्हा ठळकपणे दिसला, तरी एकूण कल आटोपशीर गीतांकडे झुकत गेला. २३ जानेवारी १९७८ रोजी अपघाताने गोळी सुटून कॅथ यांचा मृत्यू झाला आणि आरंभीच्या संगीताचा एक प्रमुख स्वर कायमचा हरपला. बँडचा समावेश २०१६ मध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये करण्यात आला.

नव्या श्रोत्याने ‘इंट्रोडक्शन’, ‘बिगिनिंग्ज’ आणि ‘बॅले’ या तीन रचनांपासून प्रारंभ करावा. मात्र त्या अल्बममधील मूळ, अखंड स्वरूपात ऐकाव्यात. पहिल्या श्रवणात गायकाकडे आणि दुसऱ्या श्रवणात केवळ ट्रॉम्बोनकडे लक्ष दिल्यास या संगीतातील संवाद उलगडू लागतो.