एम.एड. की एम.ए.? आधी ध्येय, मग पदवी

शाळेत दहा-बारा वर्षे अध्यापन केल्यानंतर 'आता पुढे काय?' हा प्रश्न बहुतेक शिक्षकांसमोर उभा राहतो. पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर या पट्ट्यातील शिक्षकही त्याला अपवाद नाहीत. अशा वेळी शिक्षणशास्त्रातील पदव्युत्तर पदवी हा पर्याय सर्वप्रथम सुचतो. मात्र पदवी एक आणि ध्येय दुसरेच, अशी गल्लत झाली तर दोन वर्षांचे श्रम आणि पैसा वाया जाण्याचा धोका असतो. म्हणूनच कोणती पदवी कोणते दार उघडते, हे आधी समजून घेणे आवश्यक आहे.

मुख्याध्यापकपद

एम.एड. केल्याने मुख्याध्यापकपद मिळते, हा एक रूढ गैरसमज आहे. महाराष्ट्रातील खासगी शाळांना लागू असलेल्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीनुसार माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकपदासाठी पदवी, बी.एड. आणि पदवीनंतरचा किमान पाच वर्षांचा पूर्णवेळ अध्यापनाचा अनुभव लागतो. त्यातील किमान दोन वर्षे बी.एड.नंतरची असावी लागतात. निवडीत सेवाज्येष्ठतेला मोठे महत्त्व असते. एम.एड. ही त्यासाठी अनिवार्य अट नाही.

वेतनश्रेणीचा प्रश्न वेगळा आहे. राज्यात १२ वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ श्रेणी आणि २४ वर्षांनंतर निवडश्रेणी देण्याची पद्धत आहे. निवडश्रेणीसाठी शैक्षणिक अर्हता वाढविण्याची अट असल्याने तेथे पदव्युत्तर पदवी थेट उपयोगी पडते.

अध्यापक महाविद्यालयातील प्राध्यापकपद

बी.एड. महाविद्यालयात शिकविण्याची इच्छा असणाऱ्यांसाठी मात्र एम.एड. हा राजमार्ग आहे. त्याच्या जोडीला विषयातील पदव्युत्तर पदवी, ५५ टक्के गुण आणि 'नेट' किंवा 'सेट' ही पात्रता मिळवावी लागते. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या निकषांनुसार शिक्षणाच्या सैद्धांतिक विषयांसाठी बी.एड.सह एम.ए. (शिक्षणशास्त्र) हा पर्यायही मान्य आहे. दूरशिक्षणाने शिकणाऱ्यांनी ही तरतूद जरूर लक्षात ठेवावी.

नोकरी सांभाळून शिकताना

एम.एड.ची परंपरा जुनी आहे. मुंबई विद्यापीठाने १९३६ मध्ये हा अभ्यासक्रम सुरू केला. पूर्वी एक वर्षाचा असलेला हा अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा झाला. २०१४ च्या नियमांत वर्षाला किमान २०० कामाचे दिवस, तासिकांना ८० टक्के आणि क्षेत्रकार्याला ९० टक्के उपस्थिती बंधनकारक केली गेली. राज्यात प्रवेशासाठी सामाईक प्रवेश परीक्षा घेतली जाते. शाळेची पूर्णवेळ नोकरी करून ही उपस्थिती भरणे जवळपास अशक्य असल्याने अध्ययन रजेचा विचार आधीच करावा आणि संस्थेची लेखी परवानगी घ्यावी.

रजा शक्य नसल्यास दूरशिक्षणाचा मार्ग उरतो. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (स्थापना १९८९) आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (स्थापना १९८५) हे शिक्षकांच्या परिचयाचे पर्याय आहेत. प्रवेशापूर्वी त्या वर्षासाठी अभ्यासक्रमाला मान्यता आहे की नाही, याची खातरजमा करावी.

पदवीपलीकडचा लाभ

शिक्षणाचे तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, अभ्यासक्रम विकसन आणि संशोधनपद्धती हे विषय शिकताना शिक्षक स्वतःच्या वर्गाकडे नव्याने पाहू लागतो. लघुप्रबंधाला तर पनवेल तालुक्यात विषयांची वाण नाही. एकाच वर्गात मराठी, हिंदी आणि अन्य भाषांतील मुले बसतात. कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर स्थलांतरित झाली की मुलांची शाळा तुटते. अशा प्रश्नांवर पुस्तकी विषयापेक्षा कृतिसंशोधन अधिक फलदायी ठरते, कारण त्याचा निष्कर्ष दुसऱ्याच दिवशी वर्गात वापरता येतो. रायगड जिल्ह्याची शिक्षण व प्रशिक्षण संस्था पनवेलमध्येच असल्याने सेवांतर्गत प्रशिक्षण आणि मार्गदर्शनासाठी दूर जावे लागत नाही.

बदलते नियम

सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात पहिली ते आठवीच्या शिक्षकांच्या पदोन्नतीसाठी शिक्षक पात्रता परीक्षा आवश्यक ठरविली. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या सेवेतील शिक्षकांना ती उत्तीर्ण होण्यासाठी दोन वर्षांची मुदत दिली. अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपविण्यात आला. म्हणजेच या गटातील शिक्षकाने एम.एड.चा अर्ज भरण्याआधी या परीक्षेची तयारी करणे शहाणपणाचे. एम.एड. पुन्हा एक वर्षाचे करण्याचा प्रस्तावही परिषदेच्या २०२५ च्या मसुद्यात होता. त्यामुळे प्रवेश घेताना प्रचलित नियम तपासलेच पाहिजेत.

थोडक्यात, मुख्याध्यापक व्हायचे असेल तर सेवाज्येष्ठता आणि व्यवस्थापनाचा अभ्यास, प्राध्यापक व्हायचे असेल तर एम.एड. व 'नेट-सेट', निवडश्रेणी हवी असेल तर सोयीची मान्यताप्राप्त पदव्युत्तर पदवी, असा हिशेब मांडावा. आणि केवळ अधिक चांगला शिक्षक व्हायचे असेल, तर यांपैकी कोणतीही वाट मनापासून चालावी. ती वाया जात नाही.