एमडी-एमएससाठी कामोठे, नेरूळ? मग सीईटी सेलची वाट बघू नका

नवी मुंबईत एमडी, एमएस म्हटलं की कामोठ्याचं एमजीएम आणि नेरूळचं डी. वाय. पाटील ही नावं पुढे येतात. दोन्ही अभिमत विद्यापीठं; डी. वाय. पाटील २००२ पासून, एमजीएम २००६ पासून. त्यामुळे नीट-पीजीनंतर इथली जागा राज्याचा सीईटी सेल नव्हे, तर केंद्राची एमसीसी देते. गडबड होते ती इथेच. राज्याच्या यादीकडे डोळे लावून बसलं की केंद्राची नोंदणी निघून जाते. नोंदणीवेळीच २ लाख रुपये अनामत लागते. जागा नाही मिळाली तर ती परत येते. दुसऱ्या फेरीत मिळालेली जागा सोडली तर पैसे गेलेच समजा. फी शासकीय कॉलेजच्या कितीतरी पट, तेव्हा घरचं गणित आधी मांडावं. एमएस्सी नर्सिंग किंवा फिजिओथेरपीला मात्र नीट-पीजी लागत नाही.