परिचारिका पाहुणी असते तेव्हा

नर्सिंगच्या वर्गात कम्युनिटी पोस्टिंगचे नाव निघाले की दोन तट पडतात. वॉर्डातून सुटका म्हणून एक तट खूश. उन्हातली पायपीट आणि फॅमिली फोल्डर आठवून दुसरा हैराण. विषय जुना आहे आणि अवघडही. १८५९ मध्ये लिव्हरपूलच्या विल्यम रॅथबोनने मेरी रॉबिन्सन या परिचारिकेला तीन महिन्यांसाठी गरिबांच्या घरी जाऊन शुश्रूषा करायला नेमले. तिथले दैन्य पाहून ती मुदतीआधीच रडत परतली आणि मला मोकळे करा म्हणाली. रॅथबोनने समजूत घातली, ती टिकली, आणि त्यातूनच पुढे डिस्ट्रिक्ट नर्सिंग उभे राहिले. अनुभवी परिचारिकेची ही गत; मग विद्यार्थिनीला पहिल्याच आठवड्यात रडू कोसळले तर नवल ते काय!

रुग्णालयात वेळ परिचारिकेची, जागा तिची, रुग्ण पाहुणा. घरी सगळे उलटे. जिथे आपला अधिकार चालत नाही तिथे आपले ज्ञान उपयोगी कसे पडेल, हे शिकणे हाच माझ्या मते या प्रशिक्षणाचा गाभा. एक नेहमीचे उदाहरण घेऊ. गरोदर बाईचे हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली आहे. वॉर्डात गोळी हातावर ठेवायची, पाणी द्यायचे, तक्त्यावर खूण करायची, झाले. गावात तिला १८० दिवसांच्या गोळ्या मिळालेल्या असतात, पण त्या फडताळात तशाच पडून असतात. कारण मळमळते. शौचाला काळे होते, त्याची भीती वाटते. गोळ्यांनी बाळ फार वाढते आणि बाळंतपण अडते, असे सासूचे मत. घेतलीच गोळी, तर पाठोपाठ चहा होतो आणि लोह अंगी लागत नाही. यातले काहीही केसपेपरवर नसते. ते ऐकायला ओसरीवर बसावे लागते, आणि सासूला टाळून भागत नाही. बोलायचे तिच्याशीच असते. ‘गोळ्या वेळेवर घ्या’ एवढे सांगून उठणारीचा फोल्डर मात्र पूर्ण भरलेला असतो.

बॅग टेक्निकचा धडाही याच नजरेने वाचावा. कागद पसरून बॅग ठेवणे, आधी साबण-टॉवेल काढून हात धुणे, वापरलेले साहित्य वेगळे ठेवणे, हे परीक्षेत सगळ्याच बिनचूक करून दाखवतात. दिवसाआड पाणी येणाऱ्या घरात हात धुवायला पाणी मागावे कसे, हे मात्र परीक्षक विचारत नाहीत. विचारायला हवे.

महाराष्ट्रात या विषयाचे मोठे धडे गावांनीच दिले. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले. एएनएम गावात ठेवून पाहिल्या, ते नीट जमले नाही. मग गावातल्याच बायकांना तयार केले, ज्यांतल्या अनेक निरक्षर होत्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने आरोग्यदूतांकरवी नवजात बाळांची घरीच काळजी घेतली. ३९ गावांतल्या त्या कामावरचा निबंध १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. आज आशाताई बाळाच्या ४२व्या दिवसापर्यंत घरी फेऱ्या मारतात, त्याचे मूळ तिथे आहे. म्हणून उपकेंद्रात पोहोचल्यावर आधी आशाताईंबरोबर फिरावे. कोणत्या घरात कोणाचा शब्द चालतो, हे त्यांना पाठ असते.

एक बोच मात्र सांगितलीच पाहिजे. कॉलेजला जवळ पडते म्हणून दरवर्षी तेच गाव निवडले जाते. एका खोलीच्या घरात दहा-बारा जणी शिरतात, तेच प्रश्न विचारतात, रक्तदाब मोजतात आणि निघून जातात. गाव कंटाळते, आणि ते रास्तच आहे. शिकवणाऱ्यांना माझी विनंती अशी: एका घरी दोघींपेक्षा जास्त जणी पाठवू नका, मागच्या तुकडीचे फोल्डर नव्या तुकडीच्या हाती द्या, म्हणजे तेच प्रश्न पुन्हा विचारावे लागणार नाहीत, आणि पोस्टिंग संपण्याआधी, ज्यांचा रक्तदाब वाढलेला आढळला किंवा ज्या बाळांची लस राहिली, त्यांची यादी उपकेंद्राच्या सिस्टरच्या हाती द्या. यादी कॉलेजच्या कपाटात गेली, तर त्या बाळाला लस मिळणार कशी?