बीकॉमच्या वेळापत्रकात राग भूप: कॉलेजमधले कला, नृत्य, संगीताचे ‘ओळख’ अभ्यासक्रम नेमके काय असतात?

प्रथम वर्ष बीकॉम किंवा बीएस्सीचा प्रवेश अर्ज भरताना मुख्य विषयांच्या खाली आता आणखी काही रकाने येतात. ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, सीसी अशी त्यांची नावं. कॉलेजनुसार त्यातल्या एखाद्या यादीत ‘संगीताची ओळख’, ‘भारतीय नृत्य परिचय’ किंवा ‘चित्रकला रसग्रहण’ असा विषय दिसतो. बरेच जण मित्राने काय भरलंय ते बघतात, टिक करतात आणि पुढे जातात.

हा विषय म्हणजे फुकटचे मार्क, असं काहींना वाटतं. काहींना वाटतं, आपल्याला गाता येत नाही, मग हे आपल्यासाठी नाहीच. हे दोन्ही समज का चुकतात, या तासांना नेमकं काय शिकवलं जातं आणि विषय निवडण्याआधी काय तपासायचं, हे समजून घेऊया.

हे विषय वेळापत्रकात आले कुठून?

२९ जुलै २०२० रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मंजूर केलं. विज्ञान, वाणिज्य आणि कला या शाखांमधल्या भिंती कमी करायच्या, हा त्यातला एक मोठा मुद्दा. त्यासाठी धोरणाने थेट बाणभट्टाच्या ‘कादंबरी’चा दाखला दिलाय. चौसष्ट कलांचं ज्ञान म्हणजे चांगलं शिक्षण, ही त्यातली कल्पना. या चौसष्ट कलांमध्ये गाणं आणि चित्रकला होती, तसंच गणित, सुतारकाम आणि वैद्यकही होतं.

डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीसाठी नवा अभ्यासक्रम आणि श्रेयांक आराखडा आणला. महाराष्ट्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये शासन निर्णय काढून तो राज्यासाठी ठरवला. स्वायत्त कॉलेजांमध्ये २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांमध्ये २०२४-२५ पासून तो लागू होत गेला.

या आराखड्यात कलेचे विषय मुख्यतः दोन दरवाजांनी आत येतात.

पहिला दरवाजा ओपन इलेक्टिव्हचा. हा विषय तुमच्या मुख्य विषयाच्या शाखेबाहेरचा असावा लागतो. म्हणजे रसायनशास्त्राच्या विद्यार्थिनीला संगीत घेता येतं, इतिहासाच्या विद्यार्थ्याला गुंतवणुकीची ओळख करून घेता येते.

दुसरा दरवाजा सीसी, म्हणजे को-करिक्युलर कोर्सेसचा. यात योग, क्रीडा, एनएसएस, एनसीसी, सांस्कृतिक उपक्रम आणि दृश्य व प्रयोगीय कला असे पर्याय असतात.

कुठल्या सत्रात कोणता विषय आणि किती क्रेडिटचा, हे विद्यापीठानुसार बदलतं. त्यामुळे मैत्रिणीच्या कॉलेजातली यादी तुमच्याकडे असेलच असं नाही.

क्रेडिटचं गणित काय?

सरकारी भाषेत ज्याला श्रेयांक म्हणतात, तेच क्रेडिट. वर्गात शिकवायचा विषय असेल तर एका क्रेडिटला सत्रात १५ तास धरले जातात. प्रात्यक्षिक असेल तर ३० तास.

म्हणजे २ क्रेडिटचा ‘संगीताची ओळख’ हा विषय व्याख्यानांवर चालणार असेल, तर ३० तासांचा झाला. प्रात्यक्षिकावर चालणार असेल, तर ६० तासांचा. सत्र साधारण १५ आठवड्यांचं धरलं, तर आठवड्याला दोन किंवा चार तास.

हा आकडा लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी चर्चा त्याच्याभोवती आहे. ३० तासांत कुणी गायक होत नाही. पण ३० तास ही वाया घालवण्याइतकी छोटी गोष्टही नाही.

मग हा क्लास की पदवी?

दोन्ही नाही. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांमध्ये प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात टप्पे आहेत, त्यानंतर अलंकार. ती अनेक वर्षांच्या रियाजाची वाट आहे. कलेतच पदवी घ्यायची असेल, तर मुंबईचं १८५७ मध्ये सुरू झालेलं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, नृत्यासाठी नालंदा नृत्यकला महाविद्यालय, पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र अशा संस्था आहेत. तिथे प्रवेशाआधी तयारी लागते.

ओळख अभ्यासक्रमाला पूर्वतयारीची अट नसते. ज्याने आयुष्यात कधी पेटीला हात लावलेला नाही, त्याच्यासाठीच तो असतो. त्याचं काम चांगला श्रोता आणि चांगला प्रेक्षक घडवणं. स्वतः थोडं गाणं, थोडं नाचणं किंवा रेघा मारणं हे त्यात येतं, पण ते समज वाढावी म्हणून. त्यामुळे आवाज बेसूर आहे, ही भीती बाळगायचं कारण नाही.

संगीताच्या तासाला काय शिकवतात?

सुरुवात स्वरांपासून होते. सात शुद्ध स्वर, त्यात रे, ग, ध, नि यांची कोमल रूपं आणि मध्यमाचं तीव्र रूप, असे एकूण बारा. मग विष्णु नारायण भातखंडे यांनी रागांच्या वर्गीकरणासाठी मांडलेले दहा थाट. मग ताल: दादरा सहा मात्रांचा, केहरवा आठ, झपताल दहा, एकताल बारा आणि त्रिताल सोळा मात्रांचा.

कागदावर ही यादी कोरडी वाटते. ती जिवंत होते ऐकताना. त्रितालात पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर खाली. हे हाताने मोजत एखादी बंदिश ऐकली की गायक फिरून समेवर येतो तो क्षण आधीच कळायला लागतो. मैफलीत जाणकार त्याच क्षणी मान का डोलावतात, त्याचं कोडं इथे सुटतं.

दुसरं उदाहरण भूप आणि देशकार या रागांचं. दोन्हींत स्वर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. तरी राग वेगळे. भूपात गंधारावर भर असतो आणि तो संध्याकाळी, रात्री गातात. देशकारात धैवताला महत्त्व असतं आणि तो सकाळचा राग आहे. स्वर कोणते, एवढ्यावर राग ठरत नाही. कुठे थांबायचं आणि कुठल्या वाटेने जायचं, यावरही ठरतो. ही गोष्ट दोन ध्वनिमुद्रणं लागोपाठ ऐकवून एका तासात समजावता येते, आणि ती एकदा कळली की आधीसारखं ऐकणं होत नाही.

आणि नृत्याच्या?

संगीत नाटक अकादमी आठ शास्त्रीय नृत्यशैलींना मान्यता देते: भरतनाट्यम, कथक, कथकली, कुचिपुडी, ओडिसी, मणिपुरी, मोहिनीअट्टम आणि सत्रिय. त्यांची नावं, प्रदेश आणि वेशभूषा पाठ करून घेणं हा अभ्यासक्रमाचा सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग.

खरा पाया दोन गोष्टींचा. पहिली, नृत्त आणि नृत्य यातला फरक. नृत्त म्हणजे लय आणि शुद्ध हालचाल, त्यात गोष्ट सांगायची नसते. नृत्यात अर्थ आणि भाव येतो. दुसरी, अभिनयाचे चार प्रकार: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. म्हणजे अनुक्रमे शरीराने, वाणीने, वेशभूषेने आणि आतल्या भावाने केलेला.

ही चौकट हातात आली की ती घरच्या कलेलाही लावून बघता येते. बैठकीची लावणी बसून, मुख्यतः चेहरा आणि हातांच्या अदाकारीवर उभी राहते. ढोलकीच्या फडातल्या लावणीत पायातले चाळ आणि ढोलकी यांचा संवाद मोठा असतो. लावणीकडे फक्त ‘ठेका’ म्हणून बघणाऱ्या विद्यार्थ्याला हा फरक दिसला, तर अभ्यासक्रमाने आपलं काम केलं म्हणायचं.

चित्रकला येत नसेल तर?

इथेही हात चांगला असण्याची अट नसते. रेषा, आकार, रंग, पोत, अवकाश आणि रचना यांच्या भाषेत चित्र वाचायला शिकायचं असतं.

वारली चित्रांचं उदाहरण घ्या. आज ती कुर्त्यावर, कपावर, रेल्वे स्टेशनच्या भिंतीवर सगळीकडे दिसतात. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन एवढ्या मोजक्या आकारांत माणसं, झाडं, नाच उभा राहतो. पण मूळ परंपरेत ही चित्रं लग्नविधीचा भाग होती. घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने ती काढली जायची आणि हे काम बायकांचं होतं. जिव्या सोमा म्हसे यांनी ती मोठ्या प्रमाणावर कागदावर आणि कॅनव्हासवर नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. एवढ्या एका चित्रशैलीतून आकार, विधी, बाजार आणि कलाकाराचा हक्क अशा चार वेगळ्या चर्चा वर्गात होऊ शकतात.

चांगला शिक्षक हा तास वर्गाबाहेरही नेतो. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय, साताऱ्याजवळ औंधचं श्री भवानी संग्रहालय आहे. एकाच चित्रासमोर दहा मिनिटं उभं राहायचं, फोन खिशात ठेवायचा आणि काय दिसलं ते लिहायचं, एवढाही गृहपाठ पुरतो.

अडचण कुठे येते?

कागदावर आराखडा छान असला, तरी शिकवणार कोण, हा खरा प्रश्न. ज्या कॉलेजात संगीताचा किंवा नृत्याचा विभागच नाही, तिथे बाहेरून कुणाला तरी तासिका तत्त्वावर बोलवावं लागतं. ते जमलं नाही, तर हा विषय दुसऱ्याच विषयाच्या प्राध्यापकांच्या गळ्यात पडतो. मग व्याख्या लिहून दिल्या जातात आणि त्याच परीक्षेत विचारल्या जातात. गाणं न ऐकता संगीताचा पेपर सुटू शकतो.

दुसरी अडचण उपक्रम आणि अभ्यास यांच्या गल्लतीची. गॅदरिंगमध्ये नाचणं हा आनंदाचा भाग आहे, पण त्याचं प्रमाणपत्र जोडून क्रेडिट मिळालं, तर त्या विद्यार्थ्याला नवीन काय कळलं? ज्याला आधीपासून नाचता येत होतं, त्यालाच मार्क मिळाले. ज्याला कधी संधी मिळाली नव्हती, तो पुन्हा प्रेक्षकांत राहिला.

मुद्दा इथेच आहे. लहानपणी गाण्याचा किंवा चित्रकलेचा क्लास लावणं प्रत्येक घराला परवडत नाही. क्लास जवळ असतोच असंही नाही. घरात ते वातावरण नसेल, तर कॉलेजमधले हे ३० तास अनेकांसाठी कलेच्या औपचारिक शिक्षणाची पहिली आणि कदाचित शेवटची संधी असते.

निवडण्याआधी हे पाच प्रश्न विचारा

१. हा विषय कोण शिकवणार? त्या कलेचं शिक्षण घेतलेली व्यक्ती आहे का?

२. तो ओपन इलेक्टिव्ह आहे की सीसी, आणि किती क्रेडिटचा?

३. प्रात्यक्षिक किती आणि लेखी किती? वाद्यं, स्पीकर, मोकळी खोली अशी सोय आहे का?

४. मूल्यमापन कसं होणार? ऐकलेल्या किंवा पाहिलेल्या कलाकृतीवर लिहायला सांगतात की फक्त व्याख्या?

५. मैफल, प्रयोग किंवा संग्रहालयाची एखादी तरी भेट ठरलेली आहे का?

उत्तरं सीनियर विद्यार्थ्यांकडून आणि विद्यापीठाच्या संकेतस्थळावरच्या अभ्यासक्रमातून मिळतात. अभ्यासक्रमाची प्रत काढून ठेवा. लिहिलेलं शिकवलं जात नसेल, तर विचारायला आधार राहतो.

शेवटी, उपयोग काय?

जाहिरात, ॲनिमेशन, गेम, इव्हेंट, पर्यटन, शिक्षण या क्षेत्रांत जायचं असेल, तर ही ओळख थेट कामाला येते. इतरांना नोकरीत तिचा हिशेब दाखवता येणार नाही. पण दिवसभर आपल्या कानांवर आणि डोळ्यांवर काही ना काही आदळत असतं. त्यातलं काय चांगलं आहे आणि का, हे दुसऱ्याला विचारावं लागू नये, एवढं या तासांतून नक्की मिळू शकतं. अट एकच: कॉलेजने तो तास खरंच घ्यायला हवा आणि आपण त्याला बसायला हवं.