नायक खोलीत नसताना

बीबीसीच्या 'कॉमेडी प्लेहाउस' या मालेत 4 जानेवारी 1973 रोजी एक सुटा भाग दाखवला गेला. यॉर्कशरमधल्या होमफर्थ या लोकरीच्या गिरण्यांच्या गावात तीन उतारवयाचे रिकामटेकडे मित्र दिवसभर भटकतात आणि गप्पा मारतात, एवढंच त्याचं कथानक. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात 'लास्ट ऑफ द समर वाइन' ही मालिका रीतसर सुरू झाली आणि 29 ऑगस्ट 2010 ला थांबली. 31 पर्वं, 295 भाग आणि लेखक पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच, रॉय क्लार्क. ती थांबली तेव्हा जगात इतकी वर्षं चाललेली दुसरी विनोदी मालिका नव्हती. मालिकेच्या या दीर्घ आयुष्याचं श्रेय बहुतेक वेळा त्या तिघांना दिलं जातं: फाटक्या कपड्यांतला कॉम्पो, बिचकून वागणारा क्लेग आणि पुढारपण करणारा, पण वेळोवेळी बदलत गेलेला तिसरा गडी. मला ही वाटणी चुकीची वाटते. तिघांनी मालिका सुरू केली, टिकवली मात्र गावातल्या दुय्यम माणसांनी. आणि ती माणसं टिकली, कारण नायक समोर नसतानाही त्यांना स्वतःचं घर, शेजार आणि भांडण होतं.

याचा पुरावा पहिल्याच पर्वात सापडतो. तेव्हा तिघांचा एक अड्डा गावच्या वाचनालयात होता. तिथला ग्रंथपाल वेनराइट आणि त्याची सहकारी मिसेस पार्ट्रिज यांचं चोरटं प्रेम हा विनोदाचा मोठा भाग होता. ही जोडी फार टिकली नाही, वाचनालयही मागे पडलं. पुढे 1985 मध्ये तीच कल्पना नव्या माणसांसह परत आली. हॉवर्ड हा क्लेगचा शेजारी, पर्ल त्याची बायको आणि सुपरमार्केटच्या गल्ल्यावर बसणारी मरीना त्याची प्रेयसी. हे तिघं आधी रंगमंचावर, मालिकेवरून बेतलेल्या नाटकात आले आणि तिथून पडद्यावर. ते अखेरपर्यंत राहिले. ग्रंथपालाचं प्रेम आणि हॉवर्डचं प्रेम यांत कथेच्या दृष्टीने फारसा फरक नाही, फरक आहे तो पर्लच्या दारात. नवरा सायकल काढताना ती त्या दारात उभी असते, कुठे निघाला म्हणून विचारते आणि उत्तर ऐकण्याआधीच तिला ते ठाऊक असतं. वाचनालयात जाब विचारायला असं कुणी उभं नव्हतं.

वेस्लीचंही तसंच. गॉर्डन व्हार्म्बी हा मूळचा रंगारी. अभिनयाचा फारसा अनुभव गाठीशी नसताना तो या भूमिकेत आला. 1982 मध्ये आलेला त्याचा वेस्ली नुसता मोटारींत रमलेला मिस्त्री होता. 1 जानेवारी 1986 च्या विशेष भागात त्याची बायको ईडी आली, थोरा हर्डच्या रूपात, आणि त्याला घर मिळालं. ते घर जरा जवळून पाहण्यासारखं आहे. ईडीची फरशी लखलखीत, वेस्ली मात्र डोक्यापासून पायांपर्यंत तेलाने माखलेला. तो शेडमधून आत येणार म्हटलं की ईडी लगबगीने वर्तमानपत्रं पसरते, आधी फरशीवर, मग खुर्चीवर, आणि तो त्या कागदांवरून चालत जाऊन कागदांवरच बसतो. बाहेर पडताना ती कुलूप लावून दार ओढून बघते, चार पावलं जाते, परत येऊन पुन्हा ओढते. यात नायकांपैकी कुणाचाही हात नाही. उलट त्याच भागात मालिकेने नवा तिसरा नायक आणला, सीमूर, आणि त्याची ओळख काय, तर ईडीचा भाऊ. म्हणजे नायकालाच दुय्यम पात्राच्या माहेरच्या नात्याने आत यावं लागलं. तिच्याच बैठकीच्या खोलीत गावातल्या नोरा आणि आयव्ही, शिवाय पर्ल आणि ईडीची मुलगी ग्लेंडा कपबश्या घेऊन बसू लागल्या. पुरुष टेकडीवर बसून जे करतात तेच या बायका सोफ्यावर करतात, फक्त पुरुषांचं आयुष्य हा त्यांचा विषय असतो, आणि त्या विषयावर त्यांची मतं अधिक पक्की असतात.

यावर सर्वांत जोरदार आक्षेप असा की या बायका म्हणजे ठोकळे आहेत. सुरकुतलेल्या जाड मोज्यांतली, झाडू उगारणारी नोरा बॅटी, तिच्यापुढे तोंड न उघडणारा वॉली, कॅफेच्या काउंटरमागून गरजणारी आयव्ही: कजाग बाई आणि दबलेला नवरा हा इंग्रजी विनोदातला जुनाच साचा आहे. हे खरंच आहे, आणि त्या साच्याची एक मोठी टाकसाळ होमफर्थमध्येच होती. जेम्स बॅमफर्थ यांनी तिथे सुरू केलेला उद्योग आधी जादूच्या कंदिलाच्या काचा बनवायचा, एकोणिसावं शतक संपता संपता त्याने मूकपट काढले आणि पुढे समुद्रकिनाऱ्यांवर विकल्या जाणाऱ्या चावट पोस्टकार्डांसाठी तो देशभर ओळखला गेला. आडदांड बायको, काडीसारखा नवरा आणि भरल्या अंगाची तिसरी, हेच त्या कार्डांवरचं त्रिकूट. पण पोस्टकार्डावरच्या बाईला दुसरा दिवस नसतो, नोराला शेकडो मिळाले. वॉलीचं काम करणारा जो ग्लॅडविन 1987 मध्ये वारला आणि नोरा विधवा झाली. त्याआधी 1984 मध्ये आयव्हीच्या नवऱ्याचं, सिडचं, काम करणारा जॉन कोमर गेला आणि आयव्ही एकटीने कॅफे चालवू लागली. नटांच्या मृत्यूने साच्याला वय दिलं, वैधव्य दिलं, आठवणी दिल्या. कॉम्पोचं काम करणारे बिल ओवेन 1999 मध्ये वारले आणि पुढच्या वर्षी कॉम्पोची अंत्ययात्रा पडद्यावर निघाली, तेव्हा आयुष्यभर त्याला झाडूने हाकलणारी नोरा त्याच्यासाठी हळवी झाली. ते पटलं, कारण तोवर तिचा सगळा संसार प्रेक्षकांनी पाहिलेला होता.

उलट बाजू पाहायची तर आपल्या नाशिकजवळच्या देवळालीत यावं लागतं. तिसऱ्या गड्याची, म्हणजे ब्लॅमायरची, भूमिका पहिली दोन पर्वं साकारणारा मायकेल बेट्स झाशीत जन्मलेला इंग्रज. त्याच काळात तो 'इट एन्ट हाफ हॉट मम' या 1974 ते 1981 च्या मालिकेत चेहऱ्याला रंग फासून रंगी राम हा बेअरर करत होता. ती मालिका सुरुवातीला देवळालीच्या लष्करी छावणीत घडते. लेखकांपैकी जिमी पेरी स्वतः तिथे सैन्यात राहिलेला, म्हणजे जागेची माहिती नव्हती असं नाही. तरीही रंगी राम, चहावाला आणि पंखेवाला यांची जागा छावणीच्या व्हरांड्यातच राहिली. ते आपापसांत बोलतात, पण बहुतेक साहेबांविषयी. त्यांच्या बायका काय म्हणतात, शेजारी कोण, कुणाशी बोलणं बंद आहे, याचा पत्ता लागत नाही. नट गुणी होते, संवादही चुरचुरीत होते, पण साहेब निघून गेल्यावर या माणसांकडे करण्यासारखं काही उरत नाही.

दुसरा आक्षेप असा की होमफर्थची मालिका केवळ सवयीने चालत राहिली आणि उत्तरार्धात तिच्यात नुसती गर्दी झाली. गर्दी झाली हे मला मान्य आहे. भंगारवजा दुकानात गिऱ्हाइकाला जाळ्यात पकडणारी आँटी वेनराइट सोडली, तर नंतरच्या बऱ्याच जणांना ईडीच्या घरासारखं घर मिळालं नाही, आणि ते जाणवतं. पण नुसत्या सवयीने पुढची गोष्ट उलगडत नाही. अखेरच्या दोन पर्वांत क्लेगचं काम करणारे पीटर सॅलिस आणि नंतरच्या तिसऱ्या गड्याचं, ट्रूलीचं, काम करणारे फ्रँक थॉर्नटन इतके वयस्कर झाले होते की उघड्यावरच्या चित्रीकरणासाठी त्यांचा विमा उतरवणं परवडेना. त्यांना घरातल्या प्रसंगांपुरतंच ठेवावं लागलं. टेकड्यांवरची भटकंती इतरांकडे गेली आणि 295 पैकी प्रत्येक भागात असलेला एकमेव नट, सॅलिस, स्वतःच दुय्यम पात्र झाला. तरी मालिका बंद पडली नाही, कारण त्याला बसवायला घरं आधीपासून उभी होती.

तिसरा आक्षेप मात्र मी परतवू शकत नाही. होमफर्थपासून थोड्याच मैलांवर असलेल्या हडर्सफील्डच्या गिरण्यांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारत आणि पाकिस्तानातून आलेल्या कामगारांनी रात्रपाळ्या केल्या, तिथेच संसार थाटले. सदतीस वर्षांच्या मालिकेत त्यांच्यापैकी एकाचंही घर नोराच्या गल्लीत दिसत नाही. चिनी वंशाचे नट बर्ट क्वोक यांचा एंटविसल आला तोही फार उशिरा. डोंगराळ खोऱ्यातल्या छोट्या गावाची वस्ती बरीचशी एकजिनसी होती, असं म्हणता येईल, पण क्लार्क यांचं गाव मुळात कल्पनेने रचलेलं होतं. भिंतीपल्याडच्या शेजाऱ्याला पात्र करण्याची त्यांची हातोटी पाहता, हडर्सफील्डच्या गिरणीतून निवृत्त झालेला एखादा पंजाबी कामगार आणि त्याची बायको ईडीच्या सोफ्यावर बसली असती, तर पहिल्या कपाबरोबरच तिने आपल्या नवऱ्याविषयीची तक्रार काढली असती आणि नोराने तिला लगेच दुजोरा दिला असता.