साठी, बुद्धी आणि व्याधी

‘साठी बुद्धी नाठी’ असे म्हणणाऱ्याने एका अवघड प्रश्नाचा निकाल तीन शब्दांत लावून टाकला. घरातील वृद्ध तेच तेच विचारू लागले, सुनेवर चोरीचा आळ घेऊ लागले, स्वतःच्याच घरात बसून ‘मला घरी जायचे आहे’ असा हट्ट धरू लागले, की ‘म्हातारचळ’ म्हणायचे आणि गप्प बसायचे. ही समजूत काही मराठी मुलखापुरती नव्हती. वार्धक्याच्या मागोमाग बुद्धिभ्रंश यायचाच, असे युरोपातले वैद्यही धरून चालत. वय निराळे आणि व्याधी निराळी, हे समजायला वैद्यकशास्त्राला विसाव्या शतकाचा बराच मोठा भाग खर्च करावा लागला.

या इतिहासाचा आरंभ एका वृद्धेपासून होत नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. २५ नोव्हेंबर १९०१ रोजी जर्मनीतील फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर ही अवघ्या ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली. प्रथम तिला पतीविषयी निष्कारण संशय येऊ लागला. मग स्मरणशक्ती ढासळली. पुढे राहत्या घरात वाट सापडेनाशी झाली, ती वस्तू इकडून तिकडे ओढू लागली आणि कोणी आपल्याला मारायला टपले आहे असे वाटून ओरडू लागली. तेथील डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी तिच्याशी झालेली प्रश्नोत्तरे शब्दशः टिपून ठेवली. नाव विचारले तर ती म्हणे, ऑगस्टे. आडनाव? ऑगस्टे. पतीचे नाव? तेही, बहुधा, ऑगस्टेच. आपण स्वतःलाच हरवून बसलो आहोत, अशा अर्थाचे उद्गारही तिच्या तोंडून निघत. एवढे भान तिला उरले होते, आणि त्या टिपणांतील अधिक करुण भाग तोच आहे.

१९०३ मध्ये अल्झायमर फ्रँकफुर्ट सोडून गेले आणि पुढे म्युनिकमध्ये स्थिरावले; पण या रुग्णेचा त्यांना विसर पडला नाही. ८ एप्रिल १९०६ रोजी ती वारली, तेव्हा तिचा मेंदू त्यांनी तपासणीसाठी मागवून घेतला. चांदीच्या क्षाराने पेशी रंगवण्याची नवी रीत तेव्हा नुकतीच हाती आली होती. तिच्या साहाय्याने पाहता पेशींमध्ये धाग्यांच्या गुंतवळी आणि पेशींबाहेर कसल्याशा पदार्थाचे साचलेले पुंजके दिसून आले. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेन येथील मनोवैद्यांच्या सभेत अल्झायमर यांनी हे निष्कर्ष मांडले. सभेने त्यावर चर्चादेखील केली नाही.

पुढे १९१० मध्ये त्या काळचे अग्रगण्य मनोवैद्य एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यग्रंथात या विकाराला अल्झायमर यांचे नाव दिले. या नामकरणाने उपकार झाला तसा अपकारही झाला. क्रेपेलिन यांनी हा विकार वार्धक्यापूर्वीचा म्हणून नोंदवला. परिणामी पन्नाशीच्या माणसाची बुद्धी गेली तर तो रोग, आणि पंचाहत्तरीच्या माणसाची गेली तर ते केवळ वय, अशी वाटणी झाली व ती सुमारे अर्धशतक टिकली. पन्नाशीची माणसे मोजकीच, म्हणून तो रोग दुर्मीळ ठरला. वृद्ध तर रोगीच नव्हते. त्यांचा विचार करण्याची जबाबदारी मग कोणावरच राहिली नाही. एका वर्गवारीने लाखो माणसे दृष्टिआड व्हावीत याचे नवल सरकारी दप्तराशी परिचय असणाऱ्याला तरी वाटू नये!

ही कोंडी फोडण्याचे पुष्कळसे श्रेय इंग्लंडमधील मार्टिन रॉथ यांना द्यावे लागेल. मनोरुग्णालयात दाखल झालेल्या वृद्धांचा पुढे काय परिणाम होतो, याचा धांडोळा त्यांनी १९५५ च्या निबंधात घेतला. ज्यांना सरसकट ‘म्हातारपणाचे वेड’ म्हटले जाई त्यांत अनेक जण खोल नैराश्याने ग्रासलेले होते, आणि दोन वर्षांच्या आत त्यांच्यापैकी बहुसंख्य बरे होऊन घरी परतले होते. खऱ्या बुद्धिभ्रंशाचे बहुतेक रुग्ण तेवढ्याच अवधीत दगावले होते. म्हणजे बरे होऊ शकणारी माणसे केवळ वयामुळे असाध्य समजली जात होती. १९६८ मध्ये न्यूकॅसल येथे ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ यांनी वृद्धांच्या मेंदूंत अल्झायमर यांनी पाहिलेले पुंजके मोजले. बुद्धिभ्रंश जितका अधिक, तितके ते अधिक आढळले. १९७६ मध्ये अमेरिकेतील रॉबर्ट कॅट्झमन यांनी दोन्ही वयांतील विकार एकच असल्याचे निःसंदिग्ध शब्दांत मांडले.

व्याधीला नाव मिळताच रुग्णांचे आप्त पुढे आले. १९७९ मध्ये ब्रिटनमध्ये त्यांची संस्था निघाली. भारतात अशी संस्था १९९२ मध्ये केरळमधील कुन्नमकुलम येथे सुरू झाली. वस्तुतः उपचारांत आप्तांना सामील करून घेण्याची कल्पना आपल्याला परकी नव्हती. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून रुग्णांच्या नातलगांना त्यांच्यासोबत ठेवले होते. पण विसराळू आजीला रुग्णालयात नेण्याचा विचारच कोणाच्या मनात येत नसे.

का येत नसे, याचे उत्तर गोव्यात मिळाले. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत लोकांना स्मृतिभ्रंशाची लक्षणे चांगली ठाऊक होती. परंतु ती वयाचीच, वैद्याचे तेथे काम नाही, असे ते मानीत. शिवाय मुलांनी हेळसांड केली, माया केली नाही, म्हणून वृद्धांची अशी दशा होते, असाही समज होता. रात्रंदिवस सेवा करणाऱ्या लेकीसुनांच्या पदरी वर हा ठपका! २००७ च्या पालक व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणविषयक कायद्यानेही कुटुंबाकडे पाहिले ते मुख्यतः निर्वाहखर्चाचे देणेकरी म्हणून. त्या कायद्याची गरज नव्हती असे नव्हे; पण न्यायाधिकरण पैसा देववू शकते, सांभाळणाऱ्याला एक रात्रीची झोप देववू शकत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने साठीपुढील भारतीयांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख, स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असल्याचा अंदाज दिला आहे. यांतील बहुतेक घरांतच आहेत.

२००८ मध्ये गोव्यातूनच एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन तालुक्यांतील ८१ कुटुंबे त्यासाठी निवडली होती. डॉक्टर नसलेले, पण प्रशिक्षण दिलेले स्थानिक सल्लागार सहा महिने, निदान पंधरवड्यातून एकदा, निम्म्या घरी जात. उरलेल्यांना नंतर जोडायचे ठरले होते. हे सल्लागार आजार समजावून सांगत, रुग्ण चिडला किंवा भटकू लागला तर काय करावे ते दाखवत, गरज पडल्यास मनोवैद्याची गाठ घालून देत, शासकीय योजनांची माहिती देत. सहा महिन्यांनंतर रुग्णांच्या वागण्यात निःसंशय म्हणावा असा फरक आढळला नाही. फरक पडला होता तो त्यांना सांभाळणाऱ्यांच्या मनःस्वास्थ्यात.